नाताळच्या सुट्टीत थीम पार्क: रांग एवढी का लागते, राईड थांबते कशी आणि उंचीची अट कशासाठी?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की घरोघरी एकच विषय सुरू होतो. २५ तारखेला सुट्टी आहे, पुढे शनिवार-रविवार आहे, मधले दोन दिवस रजा टाकली तर आठवडा हाती येतो. मग जायचं कुठे? आजी-आजोबांना देवदर्शन हवं असतं, आई-बाबांना शांतता हवी असते आणि मुलांनी मात्र रोलरकोस्टरचा व्हिडिओ आधीच चार वेळा बघून ठेवलेला असतो. अखेर मुलंच जिंकतात आणि गाडी थीम पार्कच्या दिशेने निघते.

तिथे पोहोचल्यावर काय होतं, हेही अनेकांना पाठ आहे. पार्किंगला अर्धा तास, तिकिटाला अर्धा तास, आणि ज्या राईडसाठी आलो तिच्यापुढे दीड तासाची रांग. त्या रांगेच्या टोकाला उभा असलेला कर्मचारी मोजपट्टी दाखवून सांगतो, "याची उंची बसत नाही." मूल रडतं, वडील हुज्जत घालतात, मागचे लोक ओरडतात.

हा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी ही पार्क आतून चालतात कशी, हे थोडं समजून घ्यायला हवं.

नाताळची सुट्टी सगळ्यांना असते का?

नसते. महाराष्ट्रातल्या शाळांना दोन मोठ्या सुट्ट्या असतात, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. शिक्षण विभागाच्या नियमानुसार वर्षभरातल्या सुट्ट्या ७६ दिवसांपेक्षा जास्त होता कामा नयेत. मात्र या दोन सुट्ट्यांमधले काही दिवस कमी करून ते गणेशोत्सव किंवा नाताळात देण्याची मुभा शाळांना असते. त्यामुळे कॉन्व्हेंट आणि अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळात आठवडाभर सुट्टी मिळते, तर शेजारच्या मराठी शाळेला बऱ्याचदा २५ डिसेंबरचा एकच दिवस मिळतो. एकाच घरातल्या दोन चुलत भावंडांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, त्या यामुळे.

याचा गर्दीशी थेट संबंध आहे. उन्हाळ्याची सुट्टी दीड महिन्यांची असते, त्यामुळे लोक विभागले जातात. नाताळात मात्र सगळ्यांकडे तेच सात-आठ दिवस असतात. त्यात वर्षाअखेर उरलेल्या रजा संपवणारे ऑफिसवाले आणि डिसेंबरात भारतात आलेले परदेशस्थ नातेवाईक यांची भर पडते. हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमध्येही नाताळ ते नववर्ष हा वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या आठवड्यांपैकी एक असतो. अहमदाबादला तर याच मुहूर्तावर कांकरिया तलावाकाठी २५ ते ३१ डिसेंबर असा कार्निव्हल भरतो, तोही २००८ पासून.

जत्रा, अम्युझमेंट पार्क आणि थीम पार्क यांत फरक काय?

पाळण्यात बसण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. गावच्या जत्रेत, उरुसात आकाशपाळणा, घोड्यांचं चक्र आणि मौत का कुआँ असतोच. मुंबईत माहीमच्या दर्ग्याचा मेळा डिसेंबरातच भरतो आणि त्यातले पाळणे हे कित्येक मुंबईकरांचं पहिलं 'अम्युझमेंट पार्क' असतं.

हेच पाळणे एका जागी कायमचे बसवले, भोवती कुंपण घातलं आणि तिकीट लावलं की झालं अम्युझमेंट पार्क. थीम पार्कमध्ये यापुढची एक पायरी असते. तिथे राईडला गोष्ट असते. इमारती, संगीत, कर्मचाऱ्यांचे कपडे, एवढंच काय कचऱ्याचे डबेसुद्धा त्या गोष्टीला धरून असतात.

जगातल्या पहिल्या थीम पार्कपैकी एक नाताळवरच उभं राहिलं, ही यातली गमतीची गोष्ट. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात 'सांताक्लॉज' नावाचं एक छोटं गाव आहे. गावाचं नाव ऐकून मुलं मोठ्या आशेने यायची आणि तिथे सांता नाही म्हणून हिरमुसून परत जायची. लुई कॉख नावाच्या निवृत्त उद्योजकाला याचं वाईट वाटलं. त्याने १९४६ साली तिथे 'सांताक्लॉज लँड' सुरू केलं. ते पार्क आजही 'हॉलिडे वर्ल्ड' या नावाने सुरू आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. त्यामागची कल्पना वॉल्ट डिस्ने स्वतःच सांगत असत. मुली चक्रात बसलेल्या असताना ते बाकावर नुसते बसून असायचे. पालक आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा असायला हवी, असं तेव्हा त्यांच्या मनात आलं. आज भारतातल्या कुठल्याही पार्कमध्ये बॅगा सांभाळत बसलेले बाबा पाहिले, तर हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही हे लक्षात येतं.

भारतात दिल्लीच्या प्रगती मैदानात १९ नोव्हेंबर १९८४ रोजी सुरू झालेलं 'अप्पू घर' हे देशातलं पहिलं मोठं अम्युझमेंट पार्क मानलं जातं. १९८२च्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेल्या अप्पू हत्तीवरून त्याचं नाव पडलं. ते २००८ मध्ये बंद झालं. मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं. तिथली सहल लाँचमधूनच सुरू व्हायची, आणि नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुंबईकरांना राईड विसरल्या तरी त्या खाडीचा वास आणि टीव्हीवरची जाहिरात आठवते. आता ते पार्कही बंद झालं आहे. दक्षिणेत कोचीमध्ये २००० साली 'वीगालँड' सुरू झालं आणि पुढे त्याचीच 'वंडरला' ही साखळी बंगळुरू, हैदराबाद आणि भुवनेश्वरपर्यंत पोहोचली.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सध्या सगळ्यात मोठं नाव खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं. चित्रपट क्षेत्रातल्या मनमोहन शेट्टी यांनी ते २०१३ साली सुरू केलं. पुढे आर्थिक अडचणी आल्या आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतलं. तिथली एक राईड 'राजासॉरस' या डायनासोरच्या नावाने आहे. हा डायनासोर कल्पनेतला नाही. त्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण झालं. मुलांना रांगेत उभं करून सांगण्यासारखी ही चांगली गोष्ट आहे.

खोपोलीचा आणखी एक फायदा म्हणजे अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. त्यामुळे आजी-आजोबांचं दर्शन आणि नातवंडांचा रोलरकोस्टर एकाच सहलीत बसवणारी कुटुंबं बरीच असतात.

रांग पुढे का सरकत नाही?

यात गणित आहे आणि ते अगदी सोपं आहे. समजा, एका रोलरकोस्टरच्या गाडीत २८ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ३० गाड्या आणि ८४० माणसं. तुमच्यापुढे ६०० जण असतील तर तुमचा नंबर साधारण ४३ मिनिटांनी येईल.

आता प्रत्येक गाडीला एक मिनिट उशीर झाला असं धरा. कुणाचा मोबाईल खिशातून निघत नाही, कुणाला मित्राशेजारचीच सीट हवी आहे, कुणी ऐनवेळी घाबरून उतरतंय. गाडी तीन मिनिटांनी सुटू लागली की तासाला ५६० माणसं होतात. त्याच ६०० जणांच्या रांगेला आता ६४ मिनिटं लागतात. राईड तीच, माणसं तेवढीच, पण प्रत्येकाचं थांबणं वीस मिनिटांनी वाढलं.

म्हणूनच बॅग आणि चपला आधीच ठेवायला लावतात. त्यात कर्मचाऱ्यांचा खडूसपणा नसतो.

जास्त पैसे भरून वेगळ्या रांगेतून आत जाण्याची सोय अनेक पार्कमध्ये असते. डिस्नेने १९९९ मध्ये 'फास्टपास' आणला तेव्हा तो फुकट होता. आता जगभर या सोयीचे पैसे घेतात. पण राईडची क्षमता त्याने वाढत नाही. तासाला ८४० जागा असतील तर जादा पैसे भरणारे त्यातल्याच जागा घेतात, आणि साध्या रांगेतले तेवढे मागे जातात. पाचांपैकी दोघांनी जादा तिकीट घेतलं आणि तिघांनी नाही, असं एकाच कुटुंबात झालं तर दिवसाचा विचका ठरलेला.

दिवसाच्या पहिल्या तासाभरात मोठ्या राईडच्या रांगा सर्वात लहान असतात, कारण बहुतेक लोक अजून घाटात अडकलेले असतात. नाताळ ते ३१ डिसेंबर या काळात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळा घाटात तासन् तास कोंडी होते, हे दरवर्षीचंच आहे. पहाटे निघणं, किंवा आदल्या रात्री जवळपास मुक्काम करणं, हा जादा पैशांच्या तिकिटापेक्षा अनेकदा स्वस्त उपाय ठरतो. शिवाय पार्कचे तिकीटदर तारखेनुसार बदलतात. तीच राईड २३ डिसेंबरच्या मंगळवारी आणि २७ डिसेंबरच्या शनिवारी एकाच किमतीत मिळेल असं नाही. तिकिटावरचा जीएसटी सुरुवातीला, म्हणजे २०१७ साली, २८ टक्के होता. जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आला.

रोलरकोस्टर रुळावरून पडत कसा नाही?

बहुतेक रोलरकोस्टरला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. तिथून पुढचा सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. म्हणूनच पहिला चढ सगळ्यात उंच असतो आणि पुढचे चढ लहान होत जातात. घर्षणात आणि हवेत ऊर्जा खर्च होत असल्याने गाडी मूळ उंचीवर परत चढू शकत नाही. काही नव्या राईडमध्ये साखळीऐवजी विद्युतचुंबकांच्या जोरावर गाडी एकदम पुढे फेकली जाते.

गाडीला चाकांचे तीन संच असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खाली. खालच्या चाकांमुळे गाडी रुळाला अक्षरशः मिठी मारून असते, त्यामुळे ती उलटी झाली तरी सुटत नाही. ही खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याची, १९१९च्या सुमाराची.

उभं वर्तुळ म्हणजे लूप नीट पाहिलंत तर ते गोल नसतं, थेंबाच्या आकाराचं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण गोल लूप करून पाहिले गेले, पण आत शिरताना इतका जोराचा झटका बसायचा की माणसांच्या माना दुखावायच्या. थेंबाच्या आकारात हा जोर हळूहळू वाढतो. अशा आकाराचा आधुनिक पोलादी लूप १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन'मध्ये आला.

थांबवण्यासाठी अनेक ठिकाणी चुंबकी ब्रेक असतात. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांच्या मधून गेली की तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच गतीला विरोध करतो. याला बाहेरून वीज लागत नाही. म्हणजे अख्ख्या तालुक्याची वीज गेली तरी गाडीचा वेग कमी होणारच. मात्र चुंबकी ब्रेक गाडीला पूर्ण जागच्या जागी धरून ठेवू शकत नाहीत, त्यासाठी शेवटी दाबून धरणारे साधे ब्रेक लागतातच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. रेल्वेच्या सिग्नलसारखीच रोलरकोस्टरच्या रुळाची विभागणी 'ब्लॉक'मध्ये केलेली असते. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी संगणक सोडतच नाही. डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न' राईडवर १९५९ पासून एकाहून जास्त गाड्या धावतात, त्या याच पद्धतीमुळे. राईड मध्येच चढावर थांबली की खाली उभे नातेवाईक घाबरतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की कुठल्या तरी सेन्सरला शंका आली आणि यंत्रणेने ठरल्याप्रमाणे गाडी थांबवली.

ही यंत्रणा माणसाने बाजूला सारली तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. २ जून २०१५ रोजी ऑल्टन टॉवर्स या पार्कमधल्या 'स्मायलर' राईडवर एक रिकामी गाडी रुळावर अडकून पडली होती. संगणकाने मागची गाडी रोखून धरली. कर्मचाऱ्यांना वाटलं की यंत्रणाच चुकतेय. त्यांनी रोख काढून टाकली आणि १६ प्रवाशांची गाडी त्या रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. न्यायालयाने पार्कच्या कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला. यंत्र बरोबर होतं. ते काय सांगतंय हे न पाहता राईड पुन्हा सुरू करण्याची घाई नडली.

म्हणून राईड बंद पडल्यावर "कधी सुरू करणार?" म्हणत कर्मचाऱ्यांच्या अंगावर धावून जाणं हा केवळ असभ्यपणाचा मुद्दा नाही.

वय पुरेसं असूनही मुलाला का बसू देत नाहीत?

पालकांचा सगळ्यात जास्त संताप या नियमावर होतो आणि सगळ्यात जास्त फसवाफसवीही इथेच चालते. उंच टाचांचे बूट, केसांचा उंच बांधलेला बुचडा, चवड्यांवर उभं राहणं, "मागच्या महिन्यात बसला होता" असं ठोकून देणं.

उंचीच्या अटीचा धाडसाशी काही संबंध नाही. सीटवरचा लॅप बार किंवा खांद्यावरून येणारा हार्नेस ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. लॅप बारने मांड्यांवर, कमरेच्या खोबणीत दाब द्यायचा असतो. मूल लहान असेल तर मांडीची लांबी आणि जाडी कमी पडते, बार पूर्ण खाली आला तरी फट राहते आणि शरीर बाराखालून पुढे घसरू शकतं. "मी त्याला घट्ट धरून बसते" याला इथे अर्थ उरत नाही. उलट आई आणि मूल एकाच बाराखाली बसले तर बार आईच्या पोटाशी अडतो आणि मुलासमोर मोठी पोकळी राहते. धरून बसण्याच्या ताकदीचंही तसंच. राईडच्या तळाशी गुरुत्वाकर्षणाच्या चौपट जोर आला, तर २० किलोचं मूल त्या क्षणी ८० किलोचं होतं. आणि टेकाडाच्या माथ्यावरून खाली येताना तेच मूल सीटवरून वर उचललं जातं.

दुसरं कारण मानेचं आहे. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. मोठ्यांना गुदगुल्यांसारखा वाटणारा झटका त्यांना जड जाऊ शकतो.

मोजमाप वयावर का नाही, याचं उत्तरही यातच आहे. आठ वर्षांच्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. सीटला वय कळत नाही.

यावर सगळ्यात चांगला उपाय घरीच करता येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी भिंतीला उभं करून अनवाणी उंची मोजायची. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राईडची अट दिलेली असते, ती मुलासोबत बसून वाचायची आणि कुठल्या राईड जमणार, कुठल्या पुढच्या वर्षी, हे त्याच्याशी घरीच बोलून ठेवायचं. रांगेच्या टोकाला कळलेला नकार आणि घरी कळलेला नकार यांत मुलासाठी खूप फरक असतो. पार्कमध्ये शिरल्यावर एकदाच उंची मोजून मनगटाला रंगीत पट्टी बांधायची सोय असेल तर ती आधी करून घ्यावी.

मोठ्यांसाठीही अटी असतात आणि त्या सर्रास डावलल्या जातात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण असेल तर जोराच्या राईड वर्ज्य. दारावरचा माणूस गुडघा पाहून ऑपरेशन ओळखू शकत नाही, हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. "इतके पैसे भरलेत तर बसूनच घेऊ" हा हिशोब इथे लावू नये.

आणि एखादं मूल ऐनवेळी नको म्हणालं, तर नको. त्याला "भित्रा" म्हणत बसवणारे मामा-काका प्रत्येक रांगेत भेटतात. घाबरलेलं मूल राईड सुरू होताना बारातून अंग सोडवण्याची धडपड करतं.

या राईड तपासतं कोण?

भारतीय मानक ब्युरोने अम्युझमेंट राईडसाठी आयएस १५४७५ ही मानकं आखली आहेत. राईडचं आरेखन, उभारणी, चालवणं, देखभाल अशा गोष्टी त्यात येतात. अमेरिकेत एएसटीएम आणि युरोपात ईएन १३८१४ ही त्यांची मानकं आहेत. पण मानक असणं वेगळं आणि त्याची दर महिन्याला तपासणी होणं वेगळं. महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या जागांना पोलीस कायद्याखाली परवाना लागतो, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला लागतो, शिवाय स्थानिक संस्थेच्या परवानग्या. इतक्या हातांत काम वाटलं गेलं की एखादा दुवा सुटतो. अमेरिकेतही चित्र फार वेगळं नाही. तिथे गावोगावी फिरणाऱ्या राईडवर केंद्रीय यंत्रणेची नजर असते, पण कायमच्या पार्कमधल्या राईड १९८१ पासून तिच्या कक्षेबाहेर आहेत आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

दुवा सुटल्याची किंमत गुजरातने दोनदा मोजली. १४ जुलै २०१९ रोजी, रविवारी, अहमदाबादच्या कांकरियात दोलकासारखी झुलणारी राईड मधूनच तुटली आणि दोघांचा मृत्यू झाला. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागून २७ जण गेले, त्यात मुलंही होती. उन्हाळ्याची सुट्टी, शनिवार, सवलतीची तिकिटं, त्यामुळे आत गर्दी. पत्र्याचा तात्पुरता सांगाडा, आत सुरू असलेलं वेल्डिंग, ज्वालाग्राही साठा, आणि अग्निशमन दलाचा दाखलाच नाही. तिथे कुठलीही उंच राईड कोसळली नव्हती. म्हणजे आपण ज्या गोष्टीला घाबरतो तीच सर्वात धोक्याची असते असं नाही.

थंड देशांत हिवाळ्याचा वेगळा उपयोग होतो. उत्तर अमेरिकेतली अनेक पार्क थंडीत बंद असतात आणि त्या काळात रोलरकोस्टरच्या गाड्या पूर्ण सुट्या करून पोलादातल्या बारीक भेगा शोधल्या जातात. आपल्याकडे तोच कमाईचा हंगाम. त्यामुळे देखभाल रोज सकाळी पार्क उघडण्याआधी आणि ठरवून बंद ठेवलेल्या दिवशी करावी लागते. एखादी राईड 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी दिसली तर पैसे वाया गेल्याची हळहळ वाटणं साहजिक आहे. तरी ती पाटी कधीच न दिसणाऱ्या पार्कची काळजी जास्त वाटायला हवी.

सामान्य माणसाला बेअरिंग तपासता येत नाही, पण काही गोष्टी दिसतात. कर्मचारी प्रत्येक सीटचा बार स्वतः हाताने ओढून पाहतोय की नुसता लांबून अंगठा दाखवतोय? राईड चालवणारा मोबाईलवर आहे का? बंदिस्त जागेत बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता आहे का, आणि त्या दाराला कुलूप तर नाही ना? जत्रेतल्या पाळण्यांना हे जास्तच लागू होतं, कारण ते दर आठवड्याला उतरवून दुसऱ्या गावी पुन्हा उभे केले जातात. खिळा-बोल्ट प्रत्येक वेळी नव्याने बसतो.

आजी-आजोबांनी दिवसभर करायचं काय?

या प्रश्नाचा विचार बहुतेक कुटुंबं पार्कच्या दारात पोहोचल्यावर करतात. दिवसभरात सहज सात-आठ किलोमीटर चालणं होतं, त्यामुळे व्हीलचेअर मिळते का हे आधी फोन करून विचारलेलं बरं. हिवाळ्यात वॉटर पार्कचा आग्रहही जरा सोडावा. पुण्यात किंवा घाटमाथ्यावर डिसेंबरच्या सकाळी पारा बऱ्याचदा बारा अंशांच्या आसपास असतो, आणि दुपारी उन्हात बरं वाटलं तरी संध्याकाळी ओल्या अंगाने परतणाऱ्या मुलांचा जानेवारी खोकल्यात जातो.

घरात वयस्कर माणसं जास्त असतील तर राईड नसलेली थीम पार्क हा खरं तर चांगला पर्याय. फ्रान्समधलं 'प्वी द्यू फू' हे इतिहासावरचं पार्क एकाही रोलरकोस्टरशिवाय प्रचंड गर्दी खेचतं, ते भव्य प्रयोगांच्या जोरावर. आपल्याकडे पुण्याजवळ आंबेगावला शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी आकाराला येत आहे. तिचा पहिला टप्पा, 'सरकारवाडा', १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बलुतेदारांचं जुनं गाव पुतळ्यांतून उभं केलं आहे. तिथे आजोबाच गाईड होतात. शिर्डीत 'साई तीर्थ' हे भक्तीवर आधारलेलं थीम पार्क आहे.

मूल हरवलं किंवा काही बिनसलं तर?

गर्दीच्या दिवशी मूल नजरेआड होणं ही पार्कमध्ये होऊ शकणारी सगळ्यात सर्वसाधारण आणीबाणी. सकाळी आत शिरताना मुलाचा एक पूर्ण फोटो मोबाईलवर काढून ठेवावा, म्हणजे कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहावा. नाव मात्र बाहेरून दिसेल असं लिहू नये. गणवेशातल्या माणसाकडे जायचं आणि जिथे हरवलो तिथेच थांबायचं, या दोन गोष्टी मुलाकडून वदवून घ्याव्यात. शोधायला सगळ्यांनी चार दिशांना पळण्याऐवजी एकाने जागेवर थांबावं आणि दुसऱ्याने थेट मुख्य दाराच्या सुरक्षारक्षकाला कळवावं.

इजा झाली तर पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात नोंद करून तिची प्रत घ्यावी, जागेचे आणि सीटचे फोटो काढावेत, तिकीट जपून ठेवावं. तिकिटाच्या मागे 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असतं म्हणून अनेक जण गप्प बसतात. पण त्या एका ओळीने पार्कची सुरक्षिततेची जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. पार्क असलेल्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.